कागदवाले दाजी

बारावीचा निकाल दुपारी एकला लागतो. दीडपर्यंत पेढे वाटून होतात किंवा रडून होतं, आणि मग बेंबळीत घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : "दाजींना इचारा."

दाजी तोवर स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन बसलेले असतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक काळं, कारण काही फॉर्मांना निळं चालत नाही. काखेत बटणाची प्लास्टिकची फाईल. फाईल कुणाची असते हे विचारायचं नाही. ती कुणाचीही नसते, ती दाजींची आहे. आतले कागद गावाचे असतात.

दाजी मूळचे बेंबळीचे नाहीत. गावची लेक त्यांना दिली, म्हणून ते दाजी. एका वर्षी सोयाबीनच्या राशीला हातभार लावायला सासुरवाडीला आले ते राहिलेच. जावयाला काम सांगायचं कसं, हा सासऱ्यांना संकोच. न सांगता काम करायचं कसं, हा दाजींना. दोन्हीकडचा संकोच आजपर्यंत शाबूत आहे. आधी मेव्हणे दाजी म्हणायचे, मग मेव्हण्यांचे मित्र म्हणू लागले, मग मित्रांचे बाप. आता सत्तरीचे म्हातारेसुद्धा "ओ दाजी" अशी हाळी देतात आणि सबंध गावानं मिळून आपल्याला मुलगी दिल्यासारखे दाजी सावकाश मागं वळून बघतात.

त्यांची खरी गोष्ट डी.एड.ची आहे. एक काळ असा होता की मराठवाड्यात डी.एड. म्हणजे नोकरी, हा हिशोब पाठ होता. तालुक्या-तालुक्याला अध्यापक विद्यालयं निघाली, लोकांनी एकरभर रान काढून पोरांना मास्तर केलं. दाजी डी.एड. होऊन बाहेर पडले तेव्हा २०१० सालची शिक्षक भरतीची सीईटी नुकतीच होऊन गेली होती. पुढं भरतीच थांबली. मग २०१३ साली टीईटी आली, २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली, मग पवित्र नावाचं पोर्टल आलं. जे जे आलं त्याचा फॉर्म दाजींनी भरला. टीईटीला दीडशेत नव्वद लागतात. दाजी अठ्ठ्याऐंशीपर्यंत जातात आणि तिथंच थोडे टेकतात. इतकी वर्षं रांगेत उभं राहिलं की माणसाला खिडकीपलीकडचं फारसं कळत नाही, पण रांगेतलं सगळं कळतं. दाजींच्या ज्ञानाचा उगम इथं आहे. त्यांच्याबरोबरचे काही जण हताश झाले, काहींनी किराणा टाकला. दाजी एकटेच तज्ज्ञ झाले.

पैसे ते घेत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, कारण बाहेरच्या माणसाला पहिली शंका तीच येते. चहा चालतो. झेरॉक्स ज्याची त्यानं करायची. कुणी बळंच शंभराची नोट पुढं केलीच तर दाजी दुखावतात आणि पुढच्या दोन फॉर्मांत त्या घराचा उल्लेख "ते पैशेवाले" असा करतात.

अलीकडं त्यांनी नर्सिंग धरलंय. मास्तरकीचं झालं ते झालं. इंजिनिअर झालेली पोरं पुण्यात दुचाकीवर लोकांची जेवणं पोचवताना दिसू लागली. मग करोना आला, आणि धाराशिवच्या सिव्हिलपासून मुंबईपर्यंत जिथं तिथं सिस्टर पाहिजे, ब्रदर पाहिजे अशी ओरड झाली. ती दाजींनी ऐकली. धाराशिवला २०२२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा गावानं डॉक्टर किती निघतील याचा हिशोब केला. दाजींनी एकट्यानंच विचारलं, "आन् सलाईन कोन लावणार?"

गावाची चाल मात्र ठरलेली. पोरगं हुशार निघालं की बाप त्याला लातूरला नेतो. लातूर पॅटर्नची ख्याती अशी, की नुसती खोली भाड्यानं घेतली तरी निम्मा डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. दोन वर्षं खोली, मेस, क्लास. मग नीट होते. एमबीबीएस हुकतं, बीएएमएस हुकतं, बीएचएमएसला फी परवडत नाही, फिजिओथेरपी म्हणजे काय ते आजीला समजावता येत नाही. शेवटी बाप दाजींच्या शेजारी येऊन बसतो, इकडचं-तिकडचं बोलतो, पावसाचा विषय काढतो आणि उठता उठता म्हणतो, "नर्सिंगचं काय जमतंय का बगा."

या "का बगा"वर दाजी पेटतात.

"का बगा म्हंजे? उरलंसुरलं हाय का ते? अहो, दिल्लीला आन् वेल्लोरला १९४६ सालापासनं डिग्री हाय ही. देश स्वतंत्र व्हायचा होता. आन् आपण तर तवा निजामातच होताव!"

निजामाचं नाव निघालं की बाप गप्प होतो. वर्षाचं म्हणाल तर दाजी अचूक असतात. तारखा हा त्यांचा प्रांतच आहे. त्याच प्रांतातला पुढचा प्रश्न येतो : "सीईटी दिलीय का?"

बाप पोराकडं बघतो, पोरगं झेरॉक्सच्या मशीनकडं. मधली काही वर्षं नीटच्याच गुणांवर बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश होत होते. आता राज्याच्या सीईटी सेलची वेगळी परीक्षा असते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी, आणि वर नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न. फॉर्म निघतो तो बारावीचा पेपर द्यायच्या आधी, जेव्हा गावात हरभऱ्याचे घाटे भरत असतात आणि घरातला जो तो "आपलं लेकरू डॉक्टरच होणार" या नशेत असतो. तेव्हा दाजी गल्लीगल्लीतून सांगत फिरतात, "हजारभर रुपय जातील, पर एक फॉर्म टाकून ठिवा." आणि आया त्यांच्या तोंडावर म्हणतात, "अशुभ कशाला बोलताव दाजी?"

कला शाखेचं पोरगं आलं तर दाजींचा निकाल झटपट असतो. बी.एस्सी.ला विज्ञान पाहिजे, त्यात जीवशास्त्र पाहिजे. "आर्ट हाय? मग जीएनएम बगा, तीन वर्षं. पोरगी आसंल तर एएनएम, दोन वर्षं. पुढचा!" पुढचा कुणी नसतो. तरी ते म्हणतात.

यंदा तात्यांची नात होती. मुलगी अबोल. तिनं हिवाळ्यातच, कुणाला न सांगता, कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर सीईटीचा फॉर्म भरला होता, परीक्षा दिली होती आणि गुणही चांगले पडले होते. दाजींना हे कळलं तेव्हा आनंद झाला आणि थोडा धक्काही बसला. आपल्या हाताशिवाय बेंबळीतून एक फॉर्म गेला आणि तो बाद झाला नाही, ही गोष्ट पचायला त्यांना दोन चहा लागले. मग त्यांनी राहिलेली प्रवेशफेरी ताब्यात घेतली. मुलगी "बरं" म्हणाली. पुढचे तीन महिने ती बहुतेक तेवढंच म्हणाली.

दाजींचं प्रेम माणसांपेक्षा कागदांवर. शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की ते आधी उजेडाकडं धरतात, मग उलटा करतात, मग वैद्यानं नाडी धरावी तसं डोळे मिटून घेतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं दुखणं बरोबर सांगतात. नर्स व्हायला जीवशास्त्र लागतं असं लोक म्हणतात. दाजींच्या मते आधी तहसील लागतं. दहावीची सनद, बारावीचा मार्कमेमो, टीसी, अधिवास, राष्ट्रीयत्व, उत्पन्न, जात, नॉन-क्रिमीलेअर, फिटनेस. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, आणि गावात तसं म्हणणारे दाजी एकटेच. त्यामुळं त्यांचं काम आधी होतं. जात वैधतेसाठी पार पणजोबांपर्यंत जावं लागतं. पणजोबा निजामाच्या अमलातले, त्यांचे कागद उर्दूत, नाहीतर मोडीत. पोरीला सुई टोचायला शिकायचंय, आणि घर मोडी वाचणारा माणूस हुडकत फिरतंय!

तात्यांच्या नातीच्या फाईलीत दाजींना दोन रोग सापडले. पहिला जिल्ह्याचा. ती दहावी झाली २०२३ च्या उन्हाळ्यात, तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होतं. बारावीपर्यंत धाराशिव झालं. मुलगी एकाच बाकावर बसून दोन जिल्ह्यांत शिकली. मुंबईतल्या बाबूला हे दोन वेगळे जिल्हे वाटले तर? दाजींनी त्याचा बंदोबस्त करून ठेवलाय. नामांतराच्या सरकारी अधिसूचनेची झेरॉक्स त्यांच्या फाईलीत कायम असते आणि ते ती प्रत्येक अर्जाला, कुणी मागो न मागो, जोडतात. (मुलीच्या खर्चासाठी तात्यांनी दोन शेळ्या काढल्या. त्या मात्र अजून उस्मानाबादीच. "त्यांस्नी टीसी लागत न्हाई म्हणून," दाजी म्हणाले.)

दुसरा रोग आईचा. सनदेवर आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, टाळ्या झाल्या, पेढा भरवला. पुढं अठरा-वीस वर्षांनी ते ताट सरकार तपासणार आहे हे त्या मांडवात कुणाला ठाऊक असणार? मुलीची आई दाराआडून म्हणाली, "मग आता कोनतं खरं धरायचं?" दाजींनी मान हलवली. "दोन्ही बाया एकच हायत, ह्याचं शपथपत्र करायचं." ती माऊली बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत बसली.

वयाचाही एक फेरा असतो. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण पाहिजेत. तात्यांच्या पिढीत हा प्रश्न नव्हता. त्या काळी सगळा गाव १ जूनला जन्मायचा. शाळेत नाव घालताना गुरुजी सोय बघून तारीख टाकायचे. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, खरी तारीख पडते आणि घात होतो. वरच्या आळीचा एक मुलगा यंदा तीन दिवसांनी हुकला, जन्म ३ जानेवारीचा. दाजींनी त्याच्या आईकडं असं काही बघितलं की ती बिचारी म्हणाली, "माज्या हातात व्हतं का ओ ते!"

खरा तमाशा झाला तो ओटीपीचा.

प्रवेशफेरीची नोंदणी चालू झाली तेव्हा सोयाबीनची फवारणी ऐन भरात होती. फॉर्मवर मोबाईल नंबर मुलीच्या बापाचा, आणि बाप पंप पाठीवर घेऊन रानात. झेरॉक्सच्या दुकानात संगणकावर चौकट आली. दाजींनी फोन लावला.

"आकडा आलाय का मेसेजात? सांगा."

"सांगनार न्हाई."

"आवो, मी दाजी बोलायलोय."

"कोनीबी आसा. ब्यांकेनं सांगितलंय, कुनालाच सांगायचा न्हाई."

दाजींनी मुलीच्या हातात फोन दिला. मुलगी म्हणाली, "पप्पा, मी हाय." पलीकडं थोडा विचार झाला. "आवाज तुजाच हाय, पर आजकाल आवाजबी काढतेत म्हनं," बाप म्हणाला आणि फोन ठेवला.

मग दाजी मोटारसायकलवर रानात गेले. बांधावर उभं राहून त्यांनी सीईटी सेल, सायबर गुन्हे आणि बापाचं कर्तव्य या तिन्ही विषयांवर भाषण केलं. बाप निश्चल. शेवटी त्यानं मार्ग काढला तो त्याचाच. खिशातून फोन काढला, दाजींच्या हातात ठेवला आणि तोंड दुसरीकडं वळवलं. "मी सांगनार न्हाई. तुमी वाचून घ्या." आकडा तोवर मेला होता. दाजी फोन घेऊन परत स्टँडवर आले. नवा आकडा आला, भरला, आणि सर्व्हर बंद पडला. संध्याकाळपर्यंत त्या फोनवर खताच्या दुकानाचे, पाहुण्यांचे आणि सोसायटीचे मिळून जे फोन आले, त्या सगळ्यांना दाजींनी दम भरला : "लाईन मोकळी ठिवा, पोरीचं ॲडमिशन चालू हाय!"

सर्व्हरला ते शिव्या देत नाहीत, हे त्यांचं वैशिष्ट्य. शेवटच्या रात्री बाकीचे घामाघूम झालेले असतात तेव्हा दाजी शेंगा खात बसतात. त्यांचा देवावर किती विश्वास आहे ते माहीत नाही, मुदतवाढीवर पूर्ण आहे. आणि ती मिळते. दरवर्षी मिळते. पत्रक आलं की दाजी मोबाईल हात लांब करून सगळ्यांना दाखवतात. जणू मंत्रालयात त्यांनीच शब्द टाकला होता.

फीबद्दल बापाचं ऐकीव ज्ञान असं, की पोरींना आता सगळं फुकट. दाजींनी त्याला समोर बसवून सोललं. २०२४-२५ पासून सरकारनं ही सवलत दिली हे खरं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीतली असली, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. पण प्रवेश सरकारी फेरीतून पाहिजे. मॅनेजमेंटच्या जागेवर गेलात तर विषय संपला. "आन् होस्टेल? मेस? गणवेश? पांढरे बूट? ते कोन देणार?" बापानं बुटांवर बोट ठेवलं. "पांढरेच का? मळत्याल की." या एका मुद्द्यावर दाजींकडं शासन निर्णय नव्हता.

कॉलेजांचा पसंतीक्रम लावणं हा दाजींच्या लेखी यज्ञ असतो. त्यांचा भूगोल स्वतंत्र आहे : थेट एसटी कुठं जाते, चुलत-मावस पाहुणा कुठं आहे, मेसमध्ये भाकरी मिळते का चपाती. पण एक गोष्ट ते खरोखर तपासतात आणि त्याबद्दल मी त्यांच्या बाकीच्या सगळ्या कटकटी माफ करायला तयार आहे. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं, किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे. नियम कागदावर असतो आणि कागद दाजींना कळतो. म्हणून ते कागदावर विश्वास ठेवत नाहीत. ते खाटा मोजायला जातात.

मागं असेच ते एका शहरातल्या खासगी कॉलेजात गेले होते. नाव त्यांनी सांगितलं, मी सांगत नाही. पांढरा शर्ट, काखेत फाईल, खिशात दोन पेनं, आणि दारातून शिरल्या शिरल्या "चार, पाच, सहा" असं पुटपुटणं. रखवालदारानं हे बघितलं आणि आत पळाला. पाच मिनिटांत दाजींना नारळपाणी आलं. "साहेब, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं," असं म्हणत एक गृहस्थ त्यांना वॉर्डात घेऊन गेले. तोवर खाटांवर माणसं झोपलेली होती. चादरी कोऱ्या, माणसं धडधाकट. एकाच्या पायात बूट तसेच. दाजींनी त्याच्या उशाशी जाऊन विचारलं, "काय होतंय?" तो म्हणाला, "अजून सांगितलं न्हाई." शेजारच्या खाटेवर कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर होता, त्याच्या छातीवर किल्ल्यांचा जुडगा वरखाली होत होता. दाजींनी सगळ्या खाटा शांतपणे मोजल्या, नारळपाणी संपवलं, वहीत आकडा लिहिला आणि "बरं हाय" म्हणून एसटीनं परत आले. साहेब कोण, हे त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मला हा किस्सा त्यांनी निदान पाचदा सांगितलाय. दर खेपेला खाटेवरची माणसं वाढतात, पण बुटाचा माणूस कायम आहे. म्हणून मी त्यावर विश्वास ठेवतो.

"जितं पेशंट न्हाई तितं पोरगी काय शिकणार?" दाजी म्हणतात. "बाहुलीला सुई टोचून चार वर्षं काढायची का?"

हे बोलणारे दाजी स्वतः सुई बघितली की मान फिरवतात. लसीकरणाच्या वेळी त्यांनी प्रमाणपत्र डाऊनलोड करण्यात गावाला एवढी मदत केली की स्वतःचा दंड पुढं करायला त्यांना महिनाभर सवड झाली नाही.

तात्यांच्या घरात शेवटची हरकत आत्याबाईंची निघाली. रात्रपाळी, परका माणूस, त्याला हात लावायचा, अंग पुसायचं. "आशा पोरीला स्थळ कोन देईल?" दाजी या प्रश्नाची वाटच बघत असतात. त्यांनी समोरच्या पारावर बसलेली पोरं दाखवली. एकेकाला दहा-बारा एकर रान, तिशी उलटलेली, मुंडावळ्यांचा पत्ता नाही. "त्या पारावर एक-एक जण नोकरीवाली पोरगी हुडकायलाय. स्थळांची रांग लागंल आत्याबाई. त्यांचेबी फॉर्म मीच भरून घीन, नॉन-क्रिमीलेअरसकट!" आत्याबाई हसल्या आणि हरकत पडली. तात्यांच्या म्हातारीनं तर आधीच कौल दिला होता. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला, तेव्हा सास्तूरकडच्या नातलगांना बघायला ती गेली होती. तिथल्या तंबूतल्या सिस्टरांनी जखमा कशा धुतल्या ते ती आजही हातांनी करून दाखवते. मध्ये एकदा दाजींनी जर्मनीचा विषय काढला. राज्य सरकारनं २०२४ साली तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केलाय, नर्सा पाहिजेत त्यांना, फक्त भाषा शिकावी लागते. म्हातारीनं विचारलं, "तितनं एसटी किती वाजता हाय?" विषय तिथंच संपला.

पसंतीक्रम दाजींनी वहीच्या दोन पानांवर लिहून काढला, आखून, लाल शाईनं अधोरेखित करून. रात्री मुलीनं मोबाईलवर तो भरला. भरताना पहिली सहा नावं तिनं आपल्या मनानं वरखाली केली. तिनं सरकारी कॉलेजं वर घेतली, भाकरीवालं खाली ढकललं आणि अर्ज लॉक करून टाकला. सीईटीत नर्सिंगच्या कलाचे प्रश्न असतात : चिडलेल्या रुग्णाशी कसं वागाल, नातेवाईक ऐकत नसतील तर काय कराल. ज्या मुलीनं तीन महिने दाजींना "बरं" म्हणून सांभाळलं, तिची ही परीक्षा घेण्याची काही गरज नव्हती.

दुसऱ्या यादीत नंबर लागला, सोलापूरकडचं कॉलेज मिळालं. दाजींच्या यादीत ते नवव्या क्रमांकावर होतं. "मी म्हणलंच होतं," दाजी म्हणाले. कुंथलगिरीचा पेढा आणला होता, तो त्यांनी आधी फाईलीला लावला, मग खाल्ला.

प्रवेश घ्यायला बाप, मुलगी, एक ट्रंक आणि दाजी असे गेले. खिडकीवरच्या बाईंनी कागद मागायच्या आत दाजी कागद ठेवत होते. मूळ प्रत, झेरॉक्स, झेरॉक्सवर सही, तीन संच. बाई म्हणाल्या, "दोनच लागतात." दाजी म्हणाले, "एक तुमचा हरवतो." बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"तुम्ही कोण? वडील?"

"न्हाई. दाजी."

"कुणाचे?"

"गावाचे."

बाईंनी काही क्षण विचार केला आणि धाराशिवच्या अधिसूचनेची झेरॉक्स परत दिली. दाजींनी ती पुन्हा आत सरकवली. शेवटी ती फाईलला लागली.

आता मुलगी पहिल्या सत्रात आहे. चार वर्षं, आठ सत्रं, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र असं बरंच काही आहे, पण घरी फोन करून तिनं सांगितलं ते एवढंच, की सध्या खाट कशी लावायची ते शिकवतायत. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे, रुग्ण खाटेवर असतानाच चादर कशी बदलायची. बापानं फोन ठेवला आणि तडक स्टँडवर आला.

"दाजी, दोन शेळ्या इकल्या मी. आन् तितं हातरून घालायला शिकवायलेत!"

दाजींना याचं उत्तर येत नव्हतं. दवाखान्यातल्या कामाबद्दल त्यांना काहीच माहीत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा उघड झालं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्याचंबी सर्टिफिकेट मिळंल."

मधल्या काळात टीईटीचा फॉर्म निघाला. दाजींनी गावातल्या चार-पाच जणांचे भरून दिले आणि नेहमीप्रमाणं स्वतःचा ठेवला मागं. शेवटचा दिवस आला. मुदतवाढ येईल म्हणून ते शेंगा खात होते. ती आली नाही. दुकानातली वीज गेलेली. दाजींनी फोन काढला आणि जो नंबर लावला तो हॉस्टेलचा निघाला. मुलगी "बरं" म्हणाली. पंधरा मिनिटांत तिनं मोबाईलवरून अर्ध्याहून जास्त फॉर्म भरला, फोटो बारीक केला, सही बारीक केली, डी.एड.चे गुण विचारले आणि म्हणाली, "दाजी, तुमच्या फोनवर ओटीपी आला आसंल. सांगा."

दाजींनी फोन कानापासून दूर धरून मेसेज बघितला. इकडं-तिकडं बघितलं. पार भरलेला होता. त्यांनी आवाज उतरवला.

"तू तीच हाईस कशावरनं?"

"मीच हाय की, दाजी."

"तसं न्हाई. आईचं नाव सांग."

"सनदेवरचं सांगू का आधारवरचं?"

दाजींची खात्री पटली.